छापखान्यातल्या चालकाविना चालणाऱ्या गाडीस

प्रिय एजीव्ही,

मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत तू कागदाची रिळं वाहतेस. तुला चालक लागत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत तुझा जन्म झाला तेव्हा एक तार तुला वाट दाखवायची. आता लेझरच्या मदतीनं आपण कुठे आहोत हे तुझं तुलाच कळतं. मोठं रीळ टनाच्या घरात भरतं. ते हलवताना कडेला टवका उडाला, तर भरवेगातल्या छपाईत कागद तिथेच फाटतो, यंत्र थांबतं आणि मध्यरात्री गेलेली ती मिनिटं पहाटेपर्यंत भरून निघत नाहीत. शिवाय घरंगळत्या रिळाखाली पाय सापडण्याची भीती असतेच. तू ते रीळ अलगद आणतेस आणि समोर माणूस दिसला तर थांबतेस. पुढे छपाई चालू असतानाच संपत आलेल्या रिळाला नव्या रिळाचा कागद चिकटवला जातो.

आम्हा बोईसरकरांना हे परकं वाटत नाही. आमच्या जवळच्या तारापूर अणुवीज केंद्रातल्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीतही इंधन बदलायला भट्टी बंद करावी लागत नाही. दुरून चालवलेलं यंत्र ते काम करतं, कारण तिथे माणसानं जाणं धोक्याचं. जिवावर बेतणारं काम यंत्रानं करावं हे आमच्या गावाला केव्हाच पटलंय. म्हणून तू माणसांच्या पोटावर पाय आणतेस अशी सरसकट तक्रार मी करणार नाही. टनभर ओझं ढकलण्यात कुणाच्याही पाठीचं भलं नाही. तुझी भावंडं वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओत कॅमेरे घेऊन आपोआप फिरतात. त्यांच्याबद्दल मात्र माझं मन इतकं निःशंक नाही, कारण कॅमेरा धरणारा माणूस नुसता धरत नसतो, बघतही असतो.

मला बोलायचंय ते तुझ्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वाटेबद्दल.

गोदामापासून यंत्रापर्यंतच्या तुझ्या छोट्याशा वाटेवर या धंद्यानं केवढी बुद्धी आणि केवढा पैसा लावलाय! पलीकडची वाट छापलेल्या अंकाची. मुंबईच्या चर्चगेटपासून बोईसर सुमारे शंभर किलोमीटर. एवढं अंतर कापून अंकांचे गठ्ठे इथे उतरतात तेव्हा उजाडलेलंही नसतं. अंकांत पुरवण्या भरायच्या, घरोघरच्या वाटपाच्या लाइनी वाटून घ्यायच्या, पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळायचं आणि सायकली एमआयडीसीच्या वसाहतींकडे, चाळींकडे सुटायच्या. हे सगळं विक्रेते करतात ते अंकामागे मिळणाऱ्या कमिशनवर. त्यात पगार नाही, भरपगारी रजा नाही. विक्रेत्यांसाठी कल्याणकारी मंडळ हवं ही मागणी राज्यभरातून वर्षानुवर्षं होत राहिली. आमच्याच जिल्ह्यातल्या विक्रमगड, जव्हार, मोखाड्यातल्या बऱ्याच पाड्यांपर्यंत तर लाइन जातच नाही.

या माणसांवाचून काय होतं ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत राज्य सरकारनं घरोघरी वर्तमानपत्र टाकण्यावर काही काळ बंदी घातली. छापायला मनाई नव्हती. कागद, शाई, यंत्रं सगळं जागच्या जागी होतं. पण सायकल थांबली आणि दारातला अंक थांबला. त्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांना उत्तर द्यायला सकाळी दारात काहीच नव्हतं.

अलीकडची वाट बातमीची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरायला लागली. धुंदलवाडीच्या परिसरात माणसं भर थंडीत घराबाहेर झोपली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याला रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, माणसं दगावली. अशा वेळी धावतो तो तालुक्याचा वार्ताहर. मोटरसायकल त्याची स्वतःची, पेट्रोल स्वतःच्या खिशातलं, मानधन बहुतेकदा छापून आलेल्या बातमीपुरतं. हवेत कुठला वायू पसरलाय हे कळायच्या आधी तो तिथे उभा असतो. अणुभट्टीपाशी आपण माणसाला जाऊ देत नाही, आणि अशा वायूत वार्ताहराला विम्याशिवाय पाठवतो. मला हे सहन होत नाही.

तू वाहतेस त्या कागदावर त्याची बातमी छापली जाते, आणि तो कागद सायकलवाला माझ्या दारात आणून टाकतो. या दोघांची कामं तू करावीस असं मी म्हणत नाही, ती तुला जमणारही नाहीत. पण जिथे तू येशील तिथे तुझ्या खरेदीचा प्रस्ताव कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी जाईल. तुझी किंमत, तुझी बॅटरी, तुझ्या देखभालीचा वार्षिक करार हे सगळं त्यात लिहिलेलं असेल. त्याच प्रस्तावात आणखी दोन रकमा हव्यात : तालुक्याच्या वार्ताहराचा विमा आणि प्रवासखर्च, आणि विक्रेत्याच्या कमिशनमधली वाढ. त्या असतील तर तू खुशाल ये.

तुझा,
बोईसरचा एक वाचक