मूळचा तो फक्त डोडो

मॉरिशसला प्रथमच निघालेल्या वाचकाला एक प्रेमाची सूचना द्यावीशी वाटते. कोणी भेटले की "आपण मूळचे कुठले?" असे विचारण्याची आपली जी जुनी खोड आहे, ती विमानातून उतरण्यापूर्वीच सोडून द्यावी. कारण त्या बेटावर मूळचा असा माणूस नाहीच. मूळचा होता तो डोडो नावाचा एक गुबगुबीत, न उडणारा पक्षी. आणि माणसे आल्यावर शंभर वर्षांच्या आत तो बिचारा नाहीसा झाला!

१५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. १८३५ मध्ये गुलामी संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर आले. थोडेथोडके नव्हेत, साडेचार लाखांच्या आसपास! चिनी व्यापारीही आले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तो या साऱ्यांचा मिळून.

राजधानी पोर्ट लुई पायीच पाहावी. समोर बंदर, पाठीशी डोंगर. त्यांतल्या एकाचे नावच 'अंगठा', आणि तो दिसतोही तसाच. बंदरासमोर उंच पामवृक्षांच्या रांगेत हे शहर वसवणाऱ्या लाबुर्दोने या फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा आहे. तेथून चार पावलांवर मंडई. तेथे डाळपुरी खावी. एक मागितली तरी दोन मिळतात, कारण ती जोडीनेच विकतात. वर सब्जा घातलेला 'अलुदा' प्यावा. आपल्या फालुद्याचाच हा समुद्रापलीकडचा भाऊ. पुढे रॉयल रोडवर चिनी वस्तीला लागूनच जुम्मा मशीद उभी आहे. कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि रस्त्यावर क्रिओल अशी भाषांची वाटणी. मराठी शाळेत शिकता येते आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

बंदराकाठीच आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेले मजूर याच दगडी पायऱ्या चढून वर येत. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा मानली जाते.

त्या संध्याकाळी एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. यजमान साठीचे, मराठी शाळेत शिकलेले, जपून बोलणारे. माझी खोड काही गेली नव्हती. विचारलेच, "काका, तुमचे मूळ गाव कोणते?"

ते उठले आणि भिंतीवरची एक तसबीर काढून माझ्या हातात दिली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरे जपली आहेत. त्यांतल्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. क्रमांक, वय, बोटीचे नाव. जिल्हा रत्नागिरी. आणि पुढे गोऱ्या कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले गावाचे नाव.

"तुम्ही तिकडचे. जरा वाचून सांगता?"

मी मोठ्याने वाचले. पुन्हा वाचले. त्या अक्षरांतून निदान तीन गावे निघत होती. त्यांच्या म्हाताऱ्या आई माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. एखादे नाव ठोकून द्यावे असे क्षणभर वाटले, पण धीर झाला नाही. म्हणालो, "नक्की नाही सांगता येत."

काकांनी तसबीर पुसून पुन्हा खिळ्याला लावली. "असू दे," ते म्हणाले, "त्यांचं गाव हरवलं. आमचं हेच."

आईंनी माझ्या पानात आणखी एक पुरी वाढली. मी नको म्हणालो नाही.