चोरखमाऱ्याचं अंगण



"अजून चालत नाही का?" हा प्रश्न ज्या आयांनी ऐकलाय त्यांना मी वेगळं काय सांगू! लग्नाच्या पंगतीत, मंदिराच्या पायऱ्यांवर, व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे तोच. आमची छकुली जानेवारीत चौदा महिन्यांची झाली. सोफ्याला धरून इकडून तिकडे जायची, टीपॉयला प्रदक्षिणा घालायची, पण हात सोडला की खाली बसायची. मग लोकांचं सुरू: तिचे काका नवव्या महिन्यात चालले, शेजारची तर दहाव्यातच पळायला लागली. कुणी पांगुळगाडा आणा म्हणे, कुणी चाकांचा गोल वॉकर. वॉकरला डॉक्टरांनी स्वच्छ नाही म्हटलं. बाळ त्यात वेगाने घरंगळतं, पायऱ्यांवरून पडतं आणि चालायला लवकर शिकतं असंही नाही. कॅनडात तर 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट निराळी, तो बाळाने स्वतः उभं राहून ढकलायचा असतो. पण आमच्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर तो बाळाच्या आधी पुढे जातो.

डॉक्टर म्हणाले, अठरा महिन्यांपर्यंत काळजी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे आकडे दिले, त्यात आधाराशिवाय चालण्याची मुदत सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. इतका मोठा फरक आणि सगळं नॉर्मल! शंभरातली चारेक बाळं तर दोन हात दोन गुडघ्यांवर रांगतच नाहीत. हे मी सगळ्यांना सांगत सुटले. पण रात्री बाळ झोपल्यावर तिची पावलं हातात घेऊन बघत बसायचे, ते कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: अनवाणी चालू द्या, जमीन पायाला कळू द्या, फरशीच नको. आता आमच्या सोसायटीत फरशी सोडली तर दोनच जागा. एक पार्किंग, तिथे गाड्या. दुसरी हिरवळ. आणि हिरवळीला आईंचा (माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो) ठाम नकार. "पहिलं पाऊल हिरव्यावर? नको गं." त्या स्वतः उभ्या आयुष्यात गवत तुडवून गेलेल्या नाहीत, लांबून वळसा घालतील. आता दोन्ही गुडघे दुखतात तरी वळसाच. मला डॉक्टरांचंही पटत होतं आणि आईंचंही, हीच माझी अडचण. दोघींनी आवाज चढवला नाही, पण संध्याकाळी बाळाला खाली नेताना घरात एक शांतता व्हायची. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ती शांतता ओळखीची असेल.

फेब्रुवारीत डोंगरगडला जायचं ठरलं. आचार्य विद्यासागरजी महाराजांची समाधी तिथे चंद्रगिरीवर 18 फेब्रुवारी 2024 ला झाली, तेव्हापासून आईंच्या मनात होतं. नागपूरहून सरळ रेल्वेने जाता येतं, पण जावेच्या मुलांना वाघ बघायचा होता. म्हणून वाटेत तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याला दोन रात्री. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचं एक गेट या गावात आहे. गाव लहान, जवळच मोठा तलाव आणि त्यापलीकडे जंगल. नवेगाव-नागझिरा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून माणसांची ये-जा वाढली. पावसाळ्यात सफारी बंद असते हे मुलांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "म्हणजे जंगलालाही चातुर्मास आहे की."

बाळ घेऊन प्रवास, त्यात आपले नियम, म्हणजे अर्धी गाडी सामानाचीच. नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ, कच्ची केळी, लाल भोपळा. (बटाटा-गाजर कुस्करून द्या असं प्रत्येक तक्त्यात लिहिलेलं असतं. आपल्या घरात त्या जागी भोपळा आणि कच्चं केळं, बाळाचं काही अडत नाही.) कॉइल नको म्हणून मच्छरदाणी. पाणी गाळायचं दुहेरी फडकं आणि आईंची ती खाली कडी असलेली छोटी बादली, जिवाणी परत विहिरीत अलगद सोडण्यासाठी. आम्ही उतरलो त्या घरी विहीर होती, त्यामुळे आई खूश. गाळलेल्या पाण्याची मुदत 48 मिनिटं, उकळलेल्याची चोवीस तास, म्हणून बाळासाठी सकाळीच चुलीवर पातेलं चढायचं. घरच्या बाई आधी नवलाने बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोर धरून बादली उलटी करायला मदत केली. गावात मंदिर नाही. आईंचा दर्शनाशिवाय न खाण्याचा नियम आहे, पण प्रवासाची सूट त्यांनी नियम घेतानाच ठेवली होती. पूर्वेकडे तोंड करून जाप केला, भावपूजा केली आणि मगच पाणी घेतलं.

पहाटे सगळे जंगलात गेले. उघड्या जिप्सीत धूळ आणि गारठा (गोंदियाची थंडी नागपूरकरांनाही झोंबते), म्हणून बाळ, मी आणि आई घरीच. ऊन जरा वर आलं. घरच्या बाईंनी अंगण झाडून सारवलं होतं, वाळलंही होतं. मी लेकीला कडेवर घेऊन फेऱ्या मारत होते. त्या म्हणाल्या, "सोडा ना जी लेकराले खाली. कडेवर राहून कोनतं लेकरू चालाले शिकलं?"

मी आईंकडे बघितलं. त्या ओसरीच्या कडेला बसून अंगण निरखत होत्या, बराच वेळ. सारवलेल्या जमिनीवर गवताचं पातं नाही, काही हललं तर दहा हातांवरून दिसेल. मग त्या पिशवीतून आपली मऊ पुंजणी घेऊन उठल्या. बसायला पाट मागितला, अंगणात ठेवला, त्यावर बसल्या आणि समोरची जमीन हलक्या हाताने पुंजायला लागल्या. एक हात, दोन हात. "आण तिला," म्हणाल्या.

मी तिला ओसरीच्या खांबाला धरून उभं केलं. सारवलेली जमीन जरा खरबरीत असते, पाय धरून ठेवते, फरशीसारखा सटकवत नाही. तिने पायाची बोटं आवळली, सोडली. खाली बघितलं. मग तिला पुंजणी दिसली. ती पाहिजेच होती. हात पुढे केला आणि निघाली! एक, दोन, तीन... सातव्याला बसली. आई पाट मागे सरकवत गेल्या, पुंजत गेल्या, आणि ही पुंजणीच्या मागे. पडली, उठली, पुन्हा पडली. अमेरिकेत वर्ष-दीड वर्षाच्या बाळांची पावलं मोजली, तेव्हा तासाला सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं असा हिशेब निघाला होता. आमची त्या दिवशी पावलांत पुष्कळ मागे, पडण्यात बरोबरीची.

मी रडले का? हो. घरच्या बाई हसल्या आणि बाळाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दुपारी आईंशी बोलत बसले. त्यांचं आदिपुराणाचं वाचन चालू असतं. त्रेपन्न क्रियांत बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेण्याची बहिर्यान आहे, बसवण्याची निषद्या आहे, अन्नप्राशन आहे, वर्षपूर्तीची व्युष्टी आहे. चालण्याची वेगळी क्रिया त्या यादीत नाही. मी विचारलं, असं का असेल? आई म्हणाल्या, "चालायचं कसं ते पुढे मुनी होताना शिकायचंच असतं." तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातल्या पाच समितींपैकी पहिली ईर्या, म्हणजे चार हात पुढची जमीन बघत, जीव वाचवत चालणं. आपण लहानपणापासून पाठशाळेत घोकलेलं. पण मला तेव्हा एक वाचलेलं आठवलं. बाळांच्या डोक्याला छोटा कॅमेरा लावून बघितलं, तर रांगणाऱ्या बाळाच्या नजरेत बहुतेक जमीनच असते. ते उभं राहून चालायला लागलं की भिंती, माणसं, खेळणी दिसायला लागतात आणि जमीन नजरेतून सुटते. महिनाभरापूर्वी आमच्या लेकीला गॅलरीतली एकेक मुंगी दिसायची, बोट लावायला जायची. आता दिसणार नाही. मी हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "तर मग आता तिच्या वाटचं आपण बघायचं. तिला कळेपर्यंत."

मला त्यांच्या हिरवळीच्या नकाराचा अर्थ त्या दुपारी लागला, आणि त्यांनाही माझ्या घाईचा लागला असावा. कारण त्यांनी आपणहून विचारलं, "सोसायटीत पार्किंग सकाळी किती वाजेपर्यंत रिकामं असतं?" म्हणजे हिरवळ नाहीच! पण बाहेर न्यायला आता हरकत नव्हती.

संध्याकाळी सूर्य तलावामागे जायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली. मुलांना वाघ दिसला नव्हता. रानगवे आणि मोर दिसले, मोराचं एक पीसही पडलेलं दिसलं, पण अभयारण्यातून काही उचलायचं नसतं म्हणून तिथेच ठेवलं. मोठ्या पुतण्याने विचारलं, महाराजांची पिंछी मग कुठून येते? मोराने स्वतःहून टाकलेल्या पिसांची, हे त्याला ठाऊक होतं, पण टाकलेलं पीस जंगलात डोळ्यांनी बघितल्यावर त्याला ते पटलेलं दिसलं.

तिसऱ्या दिवशी गोंदियाहून रेल्वे धरली. आमगाव, सालेकसा मागे टाकत डोंगरगड. गाडीच्या हलत्या जमिनीवर लेक चालायला तयार नव्हती. चंद्रगिरीवर मात्र आजीचं बोट धरून उतरली. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे महाराज, आणि दीक्षेनंतरचं सगळं आयुष्य पायी. आईंना गुडघ्यांमुळे दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं आणि बाळालाही. दोघींचा वेग अगदी सारखा होता. मागून येणारे लोक वाट काढून पुढे जात होते, ह्या दोघी आपल्या चालीने. आईंची नजर पूर्ण वेळ खाली, बाळाची पूर्ण वेळ वर, आजीच्या तोंडाकडे.

येताना गोंदियाच्या बाजारात बुटांचा विषय निघाला. चामड्याचे नकोत हे ठरलेलंच, कापडी बघत होतो. दुकानदाराने ते पाऊल टाकलं की चूं-चूं वाजणारे काढले. मला तो आवाज मुळीच सहन होत नाही, मी परत ठेवायला सांगितले. आईंनी एक बूट हातात घेतला, दाबून वाजवून बघितला, पुन्हा वाजवला.

"घे गं हेच," म्हणाल्या. "मुंग्यांना कळेल तरी, येतेय म्हणून."