परदेशापूर्वी गागोदे

घरच्या ज्येष्ठांसह परदेशी सहलीचा बेत आखत असाल, तर आधी त्यांच्यासोबत पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक एक दिवस पाहून यावे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे येथे जन्मले. १९६२ मध्ये, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, ते पायी पूर्व पाकिस्तानात गेले. कारण रोज चालण्याचा सराव होता.

गाव हिंडताना ज्येष्ठ कितीदा विसावतात, औषधाची वेळ चुकते का, हे पाहावे. परदेशातील दिनक्रम त्याच मापाने बेतावा. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. विमानात त्यांना अधूनमधून चालते करावे. आणि स्थळे ठरवण्यापूर्वी त्यांची इच्छा अवश्य विचारावी. त्यांना केवळ सोबत नेणे पुरेसे नाही.