आधाराची खुर्ची

मध्य व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरासमोर, थु बोन नदीच्या पलीकडच्या काठावर किम बोंग हे सुतारांचे गाव आहे. 1999 साली जागतिक वारशाचा मान मिळालेल्या होई आनमधील लाकडी घरे आणि 1802 ते 1945 या काळात राजधानी असलेल्या ह्वे येथील राजवाडे, या दोहोंच्या उभारणीत या गावच्या कारागिरांचा हात होता. वडिलांना घेऊन मी तेथे गेलो. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर.

कार्यशाळेच्या दाराशीच ते थबकले. रंध्याखालून निघालेली पिवळी ढलपी उचलून म्हणाले, "अरे, हा तर आपला फणस!" कोकणातील आमच्या घराची दारे याच लाकडाची. व्हिएतनाममध्येही मूर्ती, देव्हारे आणि घरे यांसाठी फणसाला मान आहे. त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि त्याचा पिवळा रंग वर्षांगणिक तांबूस होत जातो.

पारंपरिक कामात सांध्याला खिळा नसतो. एका तुकड्याला जीभ, दुसऱ्याला तिच्याच मापाची खाच. पटाशीने कोरून, मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी बसविलेली. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. असा सांधा त्या हालचालीला सामावून घेतो.

घरी मऊ सोफ्यातून उठण्यासाठी वडिलांना दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागे. ती टाळण्यासाठी ते बसून राहत, पाणीही कमी पीत. येथे एका वृद्ध कारागिराने त्यांच्यापुढे हातांची खुर्ची सरकवली. थोड्या वेळाने वडील दोन्ही हातांवर भार देऊन एकटेच उठले. आधारासाठी पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

त्या खुर्चीत नवल काहीच नव्हते. बैठक घट्ट होती, पावले जमिनीवर पूर्ण टेकत होती आणि भार देण्यास भक्कम हात होते. परतल्यावर आम्ही गावच्या सुताराला बोलावले. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे माप घेऊन बैठक त्याहून किंचित उंच ठेवली. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मोकळी राहतील, इतकीच ती खोल केली.

आता वडिलांची हाक क्वचितच ऐकू येते. त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या मात्र दिवसातून दोनदा भरावा लागतो.