कडी

लोखंडी कडी लाकडी दारावर दोनदा वाजायची, मग क्षणभर थांबायची. डिलाईल रोडच्या आमच्या बीडीडी चाळीत मजल्याच्या मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या, आणि उजेड काय तो टोकाकडून आणि जिन्याकडून झिरपायचा; त्यामुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. मामांची कडी सगळा मजला ओळखायचा. दारं दिवसभर उघडीच असत, तरी मामा कडी वाजवल्याशिवाय उंबऱ्याशी उभे राहत नसत. एकशेसाठ चौरस फुटांत आठ-दहा माणसं राहत, कुणी रात्रपाळी करून निजलेलं, कुणी न्हात असलेलं. तेवढा मान त्या खोलीला द्यायलाच हवा, असं ते मानत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. साचेखात्यातले मामाही घरी बसले. म्हणजे बसले नाहीतच. संध्याकाळी ते दारोदार जायचे आणि त्यांची कापडी पिशवी धरून मी मागे. आधी पोराच्या तापाची चौकशी, गावाकडच्या पत्राची, आणि मग अगदी सहज, जमेल तेवढे तांदूळ. त्यातली ओंजळ-दोन ओंजळ कुठल्या घरी पोचायची, हे मजल्याला कधीच कळलं नाही. मला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. अजूनही सांगणार नाही.

पुढे शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले, तर हॉस्टेलमध्येही तसाच पॅसेज, दोन्ही अंगांना दारं. पण सगळी मिटलेली. किती शांत होतं तिथं! त्या शांततेत माझी मराठी आणि माझी इंग्रजी दोन्ही कुठेतरी आत जाऊन बसल्या होत्या. वर्गात मी मागच्या बाकावर, स्वयंपाकघरात कोपऱ्यात. ऐन जानेवारीत आमच्या मजल्यावरचं हीटिंग बंद पडलं. जो तो आपापल्या खोलीत कुडकुडत आपापली तक्रार लिहीत होता आणि उत्तर कुणालाच येत नव्हतं. एका संध्याकाळी मी उठले, शेजारच्या दारावर दोनदा टकटक केलं, क्षणभर थांबले. दार उघडलं. मी आधी तिच्या खोकल्याची चौकशी केली. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. रात्री सगळा मजला स्वयंपाकघरात जमला, सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र झालं, आणि उद्या ऑफिसात बोलायचं कुणी, असं कुणीतरी विचारलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी बोलले. न अडखळता, आवाज न चढवता, समोरच्याला पुरतं ऐकून घेत. हे कसब माझ्यात होतं, आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता! घरी मामा होते ना. माझ्यावर कधी वेळच आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी पायी किंग हेन्रीज रोडला गेले. दहा नंबरच्या घरात १९२१-२२ साली बाबासाहेब राहिले होते. महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं २०१५मध्ये. मी गेले तेव्हा ते कुणाचं तरी खासगी घर होतं, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतून हा माणूस इथवर आला, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून परत त्याच खोल्यांत गेला, आणि ९ मार्च १९२४ला परळच्याच दामोदर हॉलमध्ये माणसं जमवून बसला. त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. त्या गारठ्यात मात्र मला दिसत राहिलं ते फक्त परतीचं अंतर: इथल्या ग्रंथालयापासून परळच्या त्या जिन्यापर्यंतचं. केवढं ते अंतर, आणि ते त्यांनी कसं आपलंसं केलं असेल!

परत आल्यावर शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला बोलावून घेतलं. मजल्यावरच्यांनी मला त्यांच्या वतीने बोलायला निवडलं, हे भरभरून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्या खोकणाऱ्या पोरीला बरं वाटलं का गं?"