तेलीण आजीची गोष्ट

आमचे चौल गाव नारळी-पोफळींच्या वाड्यांत इतके दडलेले आहे, की येथे एके काळी मोठे नांदते बंदर होते, असे परक्या मनुष्यास सांगितले तरी त्यास खरे वाटत नाही. प्राचीन ग्रीकांनी ह्या बंदरास सेमिल्ला म्हटले, अरब प्रवाशांनी सैमूर म्हटले. देशोदेशीची गलबते येथील खाडीत नांगर टाकीत. परंतु मला ह्या इतिहासाची पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली शेजारच्या एका वृद्ध बाईंच्या ओटीवर.

त्या बेने इस्राएल होत्या. कोकणातील हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ हे नाव पडले. आमच्या शेजाऱ्यांचा घाणा माझ्या जन्मापूर्वीच थांबला होता, तरी गावात सर्व जण त्या बाईंस ‘तेलीण आजी’च म्हणत. त्या लुगडे नेसत, आमच्यासारखीच मराठी बोलत. आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला, की गोड पोह्यांची एक वाटी आमच्या घरी न चुकता येई.

आजींची एक गोष्ट ठरलेली असे. फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचाच हा सारा वंश. मी तेव्हा नववीत होतो. विज्ञानाच्या तासाला ‘पुरावा’ हा शब्द नुकताच शिकलो होतो व तो कोठे तरी वापरून पाहण्याची मला घाई झाली होती. मी म्हणालो, “आजी, ह्याला पुरावा काय? अशी गोष्ट कोणीही रचील.”

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाळा, मला माझ्या आईने सांगितली, तिला तिच्या आईने. आणखी पुरावा मी कुठून आणू?”

पुढल्याच वर्षी त्या आपल्या मुलाबरोबर इस्राएलला निघून गेल्या. क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

यथाकाल मी विज्ञानाचा शिक्षक झालो. २०१६ साली ‘प्लॉस वन’ ह्या कोणासही विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकात येदाएल वाल्डमन व त्यांचे सहकारी ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकीय लिपीची तुलना इतर यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ व्यक्तींशी केली होती. मी तो निबंध एका बैठकीत वाचला, आणि वाचताना ती ओटी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

ही तुलना शक्य कशी झाली, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक जिवाच्या पेशीत चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली एक पोथी असते. मनुष्याच्या पोथीत सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. ती वाचण्याची विद्या साधताच प्रश्न उभा राहिला, की वाचलेले ठेवावे कोठे व दाखवावे कोणास? १९८२ साली अमेरिकेत ‘जेनबँक’ हे सार्वजनिक भांडार सुरू झाले. युरोप व जपान येथेही तशीच भांडारे आहेत आणि तिघांत नित्य देवघेव चालते. १९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरविले, की मानवी पोथीचा वाचलेला भाग चोवीस तासांच्या आत सर्वांस खुला करावा. आपल्या देशातही २०२२ साली फरिदाबाद येथे असे राष्ट्रीय भांडार उघडले. गावच्या पाणवठ्यावर जसे कोणीही घागर भरावी, तसे हे आहे. एकाने जमविलेली अक्षरे दुसऱ्याच्या शोधास उपयोगी पडतात. इतरांनी पूर्वी खुली केलेली माहिती हाताशी नसती, तर अठरा जणांच्या अक्षरांची तुलना तरी कशाशी करावयाची?

त्या निबंधाचे उत्तर असे, की बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी वारसा व भारतीय वारसा, दोन्ही भरपूर आहेत. हा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. त्यात यहुदी अंश अधिककरून पुरुषांकडून व येथील अंश अधिककरून स्त्रियांकडून आलेला आहे. म्हणजे समुद्रापलीकडून आल्याची आजींची आठवण रचलेली नव्हती. मात्र गलबत फुटले काय, सात जोडपी होती काय, हे कोणतेही भांडार सांगू शकत नाही. अक्षरे वंश सांगतात, प्रसंग सांगत नाहीत.

गेल्या वर्षी शाळेच्या संगणक-कक्षात मुलांनी नारळाच्या एका जनुकाची अक्षरे ‘ब्लास्ट’ ह्या शोधसाधनास दिली. थोड्याच वेळात ताड-माडांच्या कुळातील इतर झाडांची नावे उत्तरात आली, आणि आपल्या परसातील झाडांची भावकी पाहून मुले हरखली. त्या निमित्ताने मी आजींची हकीकत सांगितली. एका मुलीने विचारले, “सर, निबंधात उलट उत्तर आले असते, तर आजी खोट्या ठरल्या असत्या का?”

मी तिला इस्राएलमधील एक घटना सांगितली. तेथे गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांस काही धर्माधिकाऱ्यांनी वंशाची शंका काढून हरकत घेतली. लोकांनी मोठी चळवळ केली, आणि १९६४ साली तेथील सरकारने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर केले. तेव्हा कोणी रक्त तपासले नव्हते. शतकानुशतके शनिवारी घाणा थांबविणाऱ्या लोकांस आपण कोण आहोत हे ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे असावयास हवे होते.

विद्यार्थिमित्रहो, पुरावा अवश्य मागा; ज्ञानाची ती पहिली पायरी आहे. त्यासाठी आज जगाची भांडारे तुम्हांस खुली आहेत. परंतु वडीलधाऱ्यांस तो विचारताना आवाज थोडा खाली ठेवा. मी तो ठेविला नाही, आणि आता तो निबंध वाचून दाखविण्यास आजी नाहीत.