सिरोंच्याचा घाट आणि प्रेस्टनचे मैदान

बल्लारपूरहून लोहमार्ग दक्षिणेस काझीपेठेकडे जातो आणि सिरोंच्याच्या प्रवाशाला तेथेच त्याचा निरोप घ्यावा लागतो. पुढे गोंडपिपरी, आष्टीजवळचे वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, मग आलापल्ली, आणि आलापल्लीनंतर रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी अशी एकामागून एक गावे मागे टाकीत एस.टी.ची गाडी दिवसाचा बराचसा भाग सागाच्या अरण्यातून चालत राहते. हा साग एके काळी मध्यप्रांताच्या वनखात्याचे भूषण होता, आणि आलापल्लीच्या राखीव वनात त्याचे जे जुने वृक्ष अद्याप उभे आहेत ते पाहिले म्हणजे त्या खात्याच्या दप्तरांत त्यांचे इतके गोडवे का गाइले गेले हे समजते. जिमलगट्ट्यास गाडी थांबली असता रस्त्याकडेच्या एका सागाच्या रोपट्याचे कोवळे पान मी तोडले आणि तळहातावर चुरडले; हिरव्या पानातून रक्तासारखा तांबडा रस निघाला आणि तो डाग सिरोंचा येईपर्यंत हातावर राहिला.

वाटेत अहेरीकडे जाणारा फाटा लागतो. अहेरीच्याच जमीनदारीत, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे, १८५८ च्या एप्रिलात बाबुराव शेडमाके यांच्या माणसांनी तारखात्याच्या तळावर छापा घालून दोघा इंग्रजांना ठार केले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी चांद्यास बाबुरावांना फाशी देण्यात आले. तारायंत्राच्या निमित्ताने या अरण्यात शिरलेले सरकार नंतर दोनच वर्षांनी कापसाच्या निमित्ताने सिरोंच्यापर्यंत पोहोचले, आणि या प्रवासात माझे मन गुंतून राहिले ते त्या कापसाच्या वाटेतच.

सिरोंचा प्राणहितेच्या पूर्व तीरावर वसले आहे. नदीकाठी जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. थोडे खाली गेले की प्राणहिता गोदावरीस मिळते आणि पलीकडच्या तीरावर कालेश्वराचे देवालय दिसते, जेथे एकाच पीठावर दोन लिंगे पूजिली जातात. बाजारात कानी पडते ती मुख्यतः तेलुगू. अंगणाअंगणांतून मिरच्या वाळत घातलेल्या. मधूनच माडिया बोलणारी एखादी म्हातारी डोक्यावर मोहाची टोपली घेऊन जाते. एका निवृत्त गुरुजींनी मला घाटापर्यंत नेले. चालता चालता ते म्हणाले, "आमचा दवाखाना वरंगलला, सोयरीक मंचेरियालला, आणि कचेरी गडचिरोलीला. पण शाळा मात्र मराठी." हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, सरहद्दीवरच्या माणसाच्या अंगी जो एक स्वाभाविक समतोल असतो तो होता.

आज तहसिलीचे ठिकाण असलेले हे गाव एके काळी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८६० च्या ज्या तहाने इंग्रजांनी धाराशिव आणि रायचूर दुआब निजामास परत दिले, त्याच तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि गोदावरीवरील व्यापार जकातीच्या बोजातून मुक्त केला. यातले जकातीचे कलम नीट वाचले म्हणजे सगळ्या व्यवहाराचा हेतू उघड होतो. वऱ्हाड आणि हिंगणघाट येथील कापूस वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट पूर्वसमुद्रावर न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची कल्पना. धवळेश्वरमचा बंधारा बांधून गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश सुपीक करणाऱ्या या अभियंत्याची जलमार्गावर धर्मासारखी श्रद्धा होती. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ही योजना मनापासून पसंत होती, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस बंद पडला तेव्हा ती त्यांना जीवन-मरणाची वाटू लागली. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी तिचा हिरीरीने पुरस्कार केला. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या पात्रांत जे तीन मोठे खडकाळ अडथळे आहेत, म्हणजे दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी, ते बांध आणि कालवे घालून ओलांडण्याचे काम हेग नावाच्या लष्करी अभियंत्याने हाती घेतले. ‘अपर गोदावरी’ हा नवा जिल्हा निर्माण झाला, सिरोंच्यास डेप्युटी कमिशनरची कचेरी बसली, आणि बस्तर संस्थानाविषयी १८६२ मध्ये सविस्तर अहवाल लिहिणारा ग्लासफर्ड येथे अंमल करू लागला. त्याच्या नावाची ग्लासफर्डपेठा अजून या तालुक्यात नांदते आहे.

परंतु नदीने खडकांपुढे जितकी हार खाल्ली, त्याहून अधिक ती रुळांपुढे खाल्ली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून खानदेशात उतरली, भुसावळ तिचे महत्त्वाचे जंक्शन झाले, आणि १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोहोचली. वऱ्हाडचा कापूस पूर्वेऐवजी पश्चिमेस मुंबईकडे धावू लागला. ज्वर, पटकी आणि खडक यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या गोदावरीच्या कामावर अमाप पैसा खर्च झाला होता; तरीही १८७१ मध्ये ते थांबविण्याचा हुकूम आला. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला, भद्राचलमकडील तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाले. भुसावळ चढले आणि सिरोंचा उतरले, असे या चौदा वर्षांचे सार आहे.

ज्या लँकेशायरसाठी हा सारा खटाटोप झाला, तेथील प्रेस्टन हे गाव सूतकताईच्या यंत्राचा जनक रिचर्ड आर्कराइट याचे जन्मस्थान. गिरण्यांच्या या मुलखात १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला काम बंद करण्याची सक्ती झाली आणि कामकऱ्यांना आठवड्यात एक मोकळी दुपार लाभली. त्या दुपारीतूनच इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉल उभा राहिला. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या बारा संघांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते, आणि पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळविले ते प्रेस्टन नॉर्थ एंडने. कापसाच्या व्यवहारात हे गाव जसे अग्रभागी होते, तसेच खेळातही. पुढे दोहोंची अवकळा बरोबरच झाली: गिरण्या एकेक बंद पडल्या, आणि १९७० मध्ये हा ऐतिहासिक संघ आपल्या आयुष्यात प्रथमच तिसऱ्या विभागात घसरला.

इंग्रजी फुटबॉलच्या एका जुन्या वार्षिकात त्या काळच्या प्रेस्टनच्या खेळाडूंची यादी वाचताना एका नावापुढच्या जन्मस्थानावर माझी दृष्टी खिळली होती. रिकी हेप्पोलेट, जन्म ८ एप्रिल १९४९, भुसावळ. शेफील्ड, ग्लासगो अशा गावांच्या रांगेत भुसावळ! रेल्वेने भुसावळला ज्या अनेक वस्त्या आणल्या त्यांतली एक अँग्लो-इंडियन समाजाची. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातील कितीतरी कुटुंबांनी इंग्लंडची वाट धरली, आणि हेप्पोलेट कुटुंबाचा हा मुलगा लहानपणीच तिकडे जाऊन कापसाच्याच बोल्टन गावी वाढला. १९६७ मध्ये तो प्रेस्टनच्या संघात आला आणि मध्यफळीत खेळू लागला. त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक मैदानांवर आशियाई रक्ताचा खेळाडू दिसणे ही जवळजवळ अश्रुत गोष्ट होती.

खालच्या विभागातील खेळाडूचे जीवन आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये त्या वेळी चार विभागांत ब्याण्णव संघ होते. तिसऱ्या विभागात प्रत्येक संघाला एका हंगामात ४६ सामने खेळावे लागत. शनिवारी सामना, पुन्हा आठवड्याच्या मध्यावर सामना, डिसेंबर-जानेवारीत चिखलाने गुडघे भरलेले, आणि रात्री संघाच्या मोटारीने शे-दोनशे मैलांचा परतीचा प्रवास. खेळाडूच्या वेतनावरील आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा १९६१ मध्ये उठली खरी. पण तिचा मोठा लाभ वरच्या विभागांतील नामवंतांना झाला. खालच्यांचा करार अल्प मुदतीचा, आणि गुडघ्याची एक शीर तुटली की संसार उघड्यावर. असे असूनही प्रत्येक शनिवारी आपल्या गावासाठी हजारो माणसांपुढे जिवाचे रान करणारी ही माणसे होती, आणि त्या खेळाचा खरा पाया त्यांच्याच श्रमांवर रचलेला आहे असे माझे ठाम मत आहे.

१९७०-७१ च्या हंगामात प्रेस्टनचे व्यवस्थापक थोरले अॅलन बॉल होते, इंग्लंडच्या विश्वविजयी संघातील अॅलन बॉल याचे वडील. हंगामाच्या अगदी अखेरीस प्रेस्टनला लंडनमध्ये फुलहॅमशी खेळावयाचे होते, आणि अजिंक्यपदासाठी फुलहॅमला त्या सामन्यात केवळ बरोबरी पुरेशी होती. सामना प्रेस्टनने १-० असा जिंकला, आणि तो एकमेव गोल हेप्पोलेटने डोक्याने केला. पाय जमिनीवरून सुटलेले, देह पुढे झेपावलेला आणि कपाळ चेंडूवर: या खेळातील सर्वांत निर्भय कृती कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन, कारण त्या क्षणी माणूस आपले मुख दुसऱ्याच्या बुटांपुढे निःशंकपणे ठेवतो. पुढे घरच्या डीपडेल मैदानावर रॉदरहॅमला हरवून प्रेस्टनने ६१ गुणांसह अजिंक्यपद घेतले. फुलहॅमचे गुण ६०. लँकेशायरसाठी गोदावरीवर चाललेले काम बंद पडून तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती, आणि ज्या जंक्शनाने सिरोंच्याचा घाट ओस पाडला त्याच जंक्शनावर जन्मलेल्या मुलाने लँकेशायरच्या एका खचलेल्या गावाला पुन्हा उभे केले होते.

१९७२ च्या अखेरीस तो पूर्व लंडनच्या ओरिएंट संघात गेला. तेथे १९७३-७४ मध्ये दुसऱ्या विभागातून पहिल्यात जाण्याची संधी अगदी हाताशी आली. शेवटच्या सामन्यात विजय हवा होता, अॅस्टन व्हिलाशी १-१ बरोबरी झाली, आणि ४९ गुणांचा कार्लाइल वर गेला, ४८ गुणांचा ओरिएंट राहिला. तीन वर्षांपूर्वी एका गुणाने लाभलेले यश या वेळी एका गुणाने हुकले, आणि पहिल्या विभागाचे दार त्याच्यासाठी पुन्हा कधीच उघडले नाही. पुढे स्पेनच्या रेआल माद्रिदपर्यंत पोहोचलेला कृष्णवर्णी लॉरी कनिंगहॅम याच ओरिएंटमध्ये त्याचा सहकारी होता. नंतर क्रिस्टल पॅलेस, चेस्टरफील्ड, आणि १९७९ मध्ये पीटरबरो, असा त्याचा प्रवास संपला. प्रेस्टनसाठी लीगमध्ये दीडशेहून अधिक आणि ओरिएंटसाठी शंभराहून अधिक सामने खेळलेला हा गडी कुठल्याही दृष्टीने किरकोळ नव्हता.

सिरोंच्याच्या घाटावर मावळतीच्या उन्हात बसून मी हे सारे मनाशी जुळवीत होतो. खाली पाणी जवळजवळ निश्चल होते. त्याकडे पाहत गुरुजींनी बंधाऱ्याची हकीकत सांगितली. संगमाच्या खाली तेलंगण सरकारने मेडीगड्डा येथे बांधलेल्या आणि २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या बंधाऱ्याचा फुगवटा येथपर्यंत येई, आणि सिरोंचा तालुक्यातील कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी त्यापायी पाण्याखाली गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले. या नदीवर दूरच्या शहरांनी बांधलेले मनोरथ दुसऱ्यांदा खचले, आणि दोन्ही वेळा झळ सोसली ती काठच्या लोकांनी.

तरीही मला सिरोंचा उदास वाटले नाही. जिल्हा गेला, जलमार्ग गेला, १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली वेगळी झाली तेव्हाही हे गाव नव्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकालाच राहिले. पण तहसिलीचा कारभार नित्यनेमाने चालू आहे, शाळांत मराठीचे धडे गिरवले जात आहेत, दर बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर भरतो आणि २०२२ च्या एप्रिलात तो भरला तेव्हा या घाटांवर यात्रेकरूंची दाटी झाली होती. वरच्या पायरीवरून उतरलेल्या माणसाचे आणि गावाचे काम थांबत नाही. किंबहुना देशाचा बराचसा गाडा अशाच तहसिलींनी आणि अशाच तिसऱ्या विभागांनी ओढलेला असतो. इतिहास लिहिणाऱ्यांनी या ओझ्याची नोंद ठेवली पाहिजे.

इंग्रजांनी ती ठेवली आहे. पीटरबरोसाठी हेप्पोलेट जे मोजके सामने खेळला तेही तिकडच्या वार्षिकांत मांडलेले सापडतात. मराठी क्रीडालेखनात मात्र त्याचे नाव मी क्वचितच पाहिले आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्या पिढीला ओळखणारी वृद्ध माणसे अजून असतील, चर्चची आणि शाळांची जुनी दप्तरे असतील. तेथील एखाद्या शिक्षकाने किंवा वार्ताहराने हे काम मनावर घ्यावे आणि फुलहॅमवरील त्या गोलाची हकीकत भुसावळच्या मुलांना मराठीत वाचावयास द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.